मंजिष्ठेच्या रंगाची कानपट्टी

सुरतेच्या एका डाईंग हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, मी सत्तावीस वर्षं काढली. छातीत घरघर सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी वाफेपासून लांब राहायला सांगितलं, आणि तिथल्या उधना भागातलं घर मुलाच्या हवाली करून आम्ही नवरा-बायको गावी आलो. गाव तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थक्षेत्रापासून पायी जाता येईल इतक्यावर. तिथलं घर आम्ही सुट्ट्यांमध्ये येऊन थोडं थोडं बांधलं होतं. एका दिवाळीत पाया, पुढच्या दिवाळीत भिंती, असं करत करत छत घालायला आठ वर्षं लागली. पुढच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या म्हणून वेगळं दार ठेवलं, मागच्या आमच्या. परसात बायकोनं कढीपत्ता लावला आणि एक लिंबू.

त्या घरात आम्ही दोघं सहा महिने राहिलो. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, पण घरात दोघंच, असं पहिल्यांदाच घडत होतं. सुरतेत खोलीत कायम कोणी ना कोणी असायचं, गावाकडून कामधंद्याला आलेला भाचा, पुतण्या, आणि माझी पाळी रात्रीची. त्या सहा महिन्यांत मला कळलं की बायकोला सकाळी कुणी बोललेलं आवडत नाही आणि हिवाळ्यात तिचे कान दुखतात. तीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

मग मुलाला मुलगी झाली. सून एका कंपनीच्या हापिसात कामाला, तिला परत रुजू व्हायचं होतं. बायको तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. त्याला आता अडीच वर्षं होत आली. मधल्या काळात ती लग्नाकार्याला येऊन गेली, दोन-दोन दिवस. मी तिकडे जाऊन राहावं असंही ठरलं होतं आणि मी दीड महिना राहिलोही. पण दोन खोल्यांच्या घरात मी दिवसभर सोफ्यावर बसलेला, सूनबाई वावरताना अवघडून जायची. ती वाईट नाही. माझा खोकलाही वाढला. मी परत आलो.

गावात मला ओळखणारे खूप, पण माझं तारुण्य गेलं सुरतेत, त्यामुळे पारावर बसलं की ज्या गोष्टींवर लोक हसायचे त्या घडल्या तेव्हा मी इथं नव्हतो. शेती चुलतभावाकडे. मी सकाळी नदीवर जाऊन यायचो, वरण-भात लावायचो, तोच दोन्ही वेळा खायचो. भाकरी मला जमली नाही. रोज संध्याकाळी साडेसातला बायकोचा फोन यायचा. ती विचारायची, "जेवनात का?" मी सांगायचो, जेवनू. बहुतेक वेळा जेवलेलो नसायचो. मग मागे नात रडायला लागायची आणि फोन ठेवला जायचा.

पुढच्या खोल्यांमध्ये आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर राहायला आल्या त्या पावसाळ्याच्या शेवटी. त्या नाशिककडच्या. नवरा तिकडे कारखान्यात, आणि इथं त्या दोन मुलींना घेऊन. थोरली चौथीत, धाकटी पहिलीत. सिस्टर मला काका म्हणायच्या, मुली आबा म्हणू लागल्या, ते त्यांनी शाळेतल्या पोरांचं ऐकून उचललं असावं. शाळा पाचला सुटायची आणि सिस्टरांना यायला सात वाजायचे. लसीकरणाच्या दिवशी त्याहून उशीर. तेवढा वेळ मुलींवर लक्ष ठेवाल का, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी हो म्हणालो. लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर मी माझ्या दारात खुर्ची टाकून बसायचो आणि त्या त्यांच्या दारात.

थोरली विणायची. तिच्याकडे प्लास्टिकच्या दोन सुया आणि निळ्या लोकरीचा एक गुंडा होता, तिच्या आजीनं दिलेला. सुलट टाका तेवढा तिला यायचा. ती वीतभर विणायची, ते मांडीवर पसरून बघायची आणि सगळं उसवून पुन्हा गुंडा करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पंधरा-वीस दिवस हे पाहिलं. मग एकदा विचारलं, की बाई, उसवतेस कशाला. ती म्हणाली, लोकर एवढीच आहे, उसवली नाही तर उद्या काय विणू. ती लोकर तोवर इतकी केसाळ झाली होती की रंग ओळखू येत नव्हता.

शहाद्याकडच्या सूतगिरणीत माझ्या ओळखीचा एकजण होता. त्याला सांगून मी उरल्यासुरल्या सुताच्या कोनांची, म्हणजे शंकूसारख्या रिळांची, अर्धी गोणी आणली. सूत बारीक, म्हणून आम्ही आठ पदर एकत्र केले. खाट उलटी करून तिच्या पायांभोवती धाकटीनं फेऱ्या मारायच्या, मी सूत सोडायचं, अशा लड्या केल्या. धाकटीला चक्कर येईपर्यंत फिरायला आवडायचं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. लड्यांचा ढीग झाल्यावर थोरली त्याच्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "सगळं पांढरंच आहे."

रंगाला पुन्हा हात लावायचा नाही असं मी सुरतेहून निघताना ठरवलं होतं. नखांच्या कडा साफ व्हायला वर्ष लागलं होतं. पण ती पोर जे म्हणाली त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला गप्प बसवेना. पुड्यांचे रंग मुलींच्या हातांत द्यायचे नव्हते. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एक म्हातारे मास्तर होते, सगळं काम यंत्रावर गेलं तरी ते हिरडा-तुरटीनं रंगवण्याच्या गोष्टी सांगायचे. आम्ही ऐकून सोडून द्यायचो. त्या आठवून आठवून मी शहाद्याच्या एका जडीबुटीच्या दुकानातून हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठेच्या मुळ्या आणल्या.

शनिवारी शाळा सकाळची असायची. दुपारी परसात तीन दगडांची चूल मांडली. सूत आधी सोड्यात उकळलं, पिवळट पाणी निघालं, ते पाहून मुलींना वाटलं रंग आला. मी म्हणालो, हा मळ आहे. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवलं, वाळवलं, पुढच्या दिवशी तुरटीत. थोरली वहीत सगळं लिहून घ्यायची, किती मूठ, किती तांबे, किती वेळ. मंजिष्ठेला उकळी फुटू द्यायची नसते, नाहीतर लाल जाऊन तपकिरी उरतं. म्हणून मी चुलीसमोर बसून लाकडं आत-बाहेर करत होतो आणि धाकटी दर मिनिटाला विचारत होती, झालं का. लडी वर काढली तेव्हा ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती. थोरली वही विसरून पुढे आली. सत्तावीस वर्षांत मी किती कापड रंगवलं त्याचा अंदाज नाही, पण पसंतीची शेड आधीच वरून ठरून यायची, आणि मी फक्त ती जुळवायचो. पातेल्यातून काय निघतंय याची वाट पाहत मी कधी बसलो नव्हतो.

काळा रंग त्यांना सगळ्यात आवडला. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून मडकं पंधरा दिवस कोपऱ्यात ठेवलं होतं. त्याला वास सुटला, सिस्टर नाकाला पदर लावून जायच्या. हिरड्यातलं पिवळसर सूत त्या पाण्यात बुडवलं की डोळ्यांदेखत काळं होतं. धाकटीनं किंचाळून हात मागे घेतला आणि मग स्वतःच चार लड्या बुडवल्या. बिटाचा हट्टही तिचाच. मी सांगितलं होतं, बीट टिकत नाही. ती ऐकेना. गुलाबी लडी तिनं रात्री उशाशी घेतली. रविवारी धुतल्यावर तिच्यात मळकट बदामी रंग तेवढा उरला. ती भिंतीकडे तोंड करून बसली. समजावण्यात माझा हात कच्चा आहे, म्हणून मी ती लडी उचलून खिळ्यांच्या पाण्यात घातली आणि करड्या रंगाची करून तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती घेतली, पण त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

विणायला मी शिकलो ते थोरलीकडून. दोन सुयांत तिघांचं भागेना, म्हणून बांबूच्या कमट्या तासून, काचपेपरनं घासून मी आणखी दोन जोड्या केल्या. धाकटीनं दोन दिवसांत कंटाळून सोडलं, ती गुंडे करायचं काम बघायची. मी मात्र बसलो. माझी बोटं जाड, रसायनांनी कातडी निबर झालेली, टाका सुईवर आहे की निसटला हे स्पर्शानं कळायचं नाही. वीस टाके घातलेले ओळ संपेपर्यंत तेवीस व्हायचे. थोरली मोजायची आणि शाळेतल्या बाईंसारख्या आवाजात सांगायची, "आबा, उसवा." मी उसवायचो. तिनं मला कधी सूट दिली नाही.

त्या हिवाळ्यात त्यांनी वडिलांसाठी मोबाईलची पिशवी केली, आईसाठी पेन ठेवायची छोटी थैली, आजीसाठी जपमाळेची. प्रत्येक वस्तू झाली की तीन दिवस माझ्या खिडकीत मांडून ठेवायची, असा त्यांचा नियम होता. मी नातीसाठी टोपी करतोय असं त्यांना सांगितलं होतं. फाल्गुनात पळस फुलला, आम्ही पिशव्या भरून फुलं आणली आणि टोपीचं सूत त्यात पिवळं केलं. पण टोपीच्या आधी मी एक दुसरी वस्तू सुरू केली होती, चार बोटं रुंदीची लांब पट्टी, मंजिष्ठेच्या सुताची. ती मी मुली गेल्यावर विणायचो. दुसरं कोणी आलं की उशीखाली सारायचो. एकदा चुलतभाऊ उसाच्या पाण्याच्या पाळीचं बोलायला आला, तेव्हा पट्टी खाटेवरच राहिली. त्यानं ती उचलून पाहिली, सुया पाहिल्या, आणि मला वाटलं आता हा पारावर जाऊन सांगणार. तो एवढंच म्हणाला, "वहिनीनी याद ई ऱ्हायनी का?"

वहिनीची आठवण येते का, यावर मी उठून चहा ठेवला. तो थोडा वेळ बसला, चहा घेतला आणि उसाचं न बोलताच गेला. माझ्या माहितीप्रमाणे त्यानं ते कोणाला सांगितलं नाही.

होळी झाल्यावर मी सुरतेला गेलो. नंदुरबारहून सकाळची गाडी धरली. पिशवीत टोपी आणि पट्टी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मुलगा कामावर होता, सूनबाईंना सुट्टी होती. सूनबाईंनी टोपी हातात घेऊन छान आहे म्हटलं, मग विचारलं की हा रंग बाळाच्या डोक्याला लागणार नाही ना. मी सांगितलं, फुलांचा आहे, पक्का आहे. ती हो म्हणाली आणि टोपी बुटक्या कपाटावर ठेवली. तिची काळजी चुकीची नव्हती. नातीनं खुर्चीवर चढून टोपी खाली ओढली, डोक्यावर घातली, काढली, तिच्यात वाटी घातली आणि ती घरभर ओढत फिरली. ती मला ओळखत होती ते फोनमधला आबा म्हणून. जवळ गेलो की आईमागे जायची.

दुपारी सून बाळाला घेऊन झोपली. बायको गॅलरीत मटार सोलत बसली होती, मी तिच्या शेजारी पाटावर बसलो. खाली गल्लीत रिक्षांचा आवाज. मी वर्तमानपत्र तिच्या पुढे सरकवलं. तिनं उघडलं, पट्टी दोन्ही हातांत ताणून पाहिली. कडेला एका जागी ती वाकडी झाली होती, तिथंच तिचं बोट गेलं.

"तुम्हले कोनी शिकाडं हाई?" तिनं विचारलं.

मी मुलींचं सांगितलं. ही कानपट्टी आहे, हेही सांगितलं, थंडीत कान बांधायला. ती हसली नाही. पट्टी मांडीवर ठेवून तिनं आणखी चार शेंगा सोलल्या.

"आठे थंडी कठे शे?" ती म्हणाली.

"तठे शे," मी म्हणालो.

याहून जास्त मी बायकोशी आयुष्यात कधी बोललेलो नाही. तीही ते समजली, कारण तिचे हात थांबले. सुरतेत कानाला बांधण्याइतकी थंडी पडत नाही. आमच्या गावी पौषात नदीवरून वारा सुटतो आणि घराच्या उत्तरेच्या भिंतीला हात लावला तरी गार वाटतं. तिला ते माहीत होतं. तिनं मांडीवरच्या पट्टीची घडी केली. मग म्हणाली, "पोर शाळामा जावाले लागू दे. मंग येसू." नात तेव्हा पावणेदोन वर्षांची. मी मान हलवली आणि मटारच्या शेंगा माझ्याकडे ओढल्या. दोघांनी मिळून परात संपवली. उठताना तिनं पट्टी पुन्हा त्याच कागदात गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवली, साड्यांच्या खाली. संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघालो. मुलगा स्टेशनवर भेटायला आला होता, पण गाडी वेळेवर सुटली आणि आमचं खिडकीतूनच बोलणं झालं.

मेच्या शेवटी सिस्टरांची बदली झाली, नाशिकजवळच, नवऱ्याच्या कारखान्यापासून तासाभरावर. त्यासाठी त्यांनी चार वर्षं अर्ज केले होते. मला सांगायला आल्या तेव्हा त्या रडत होत्या, आनंदानं. मी पेढे घेतले. मुलींना त्या दिवसांत माझ्यासाठी वेळ नव्हता. वडील आले होते, त्यांच्या मोटारसायकलवरून दोघी सारख्या चकरा मारत होत्या. टेम्पो आला तो सकाळी सहाला. धाकटी झोपेतच आईच्या खांद्यावर होती. थोरलीचं लक्ष तिच्या सायकलकडे, दोरी नीट बांधली नाही, रंग खरवडेल, असं ती ड्रायव्हरला बजावत होती. मी दोरीचा एक पीळ घट्ट करून दिला. टेम्पो वळणापर्यंत गेला तोवर मी उभा होतो. कुणी हात हलवला असेल तर ताडपत्रीमुळे मला दिसलं नाही.

खोल्या झाडून कुलूप लावलं. पहिल्या पंधरवड्यात थोरलीचे तीन फोन आले, मग एक, मग सिस्टरांचा सणाचा संदेश. श्रावणात मी एकटाच एकदा सूत रंगवायला बसलो. हवा दमट होती, लड्या चार दिवस ओल्याच राहिल्या, त्यांना कुबट वास आला, शेवटी मी त्या टाकून दिल्या. नवे भाडेकरू बघ, असं मुलगा फोनवर सांगत होता. एक जोडपं येऊन खोल्या पाहून गेलं. मी त्यांना कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही.

नवरात्राच्या आसपास एका दुपारी थोरलीचा फोन आला. आवाज थोडा बदलला होता, घाईतला. नव्या शाळेत प्रदर्शन होतं, तिला झाडांपासून रंग हा प्रयोग दाखवायचा होता आणि वही सामानात कुठं गेली ती सापडत नव्हती. मी तिला लिहून घे म्हटलं. हिरडा किती, पाणी किती, तुरटी कधी. ती हं, हं करत लिहीत होती, मागे कोणी मुलगी हसत होती, तिची नवी मैत्रीण असावी.

"मॅडमनी विचारलं, हे कोणी शिकवलं," ती म्हणाली. "मी सांगितलं, आमच्या आधीच्या घरमालकांनी."

"बरोबर सांगितलंस," मी म्हणालो.

बरोबरच होतं ते. नाशिककडच्या एका मॅडमना ती आणखी काय सांगणार होती. तरी फोन कानाला असताना मी खिडकीच्या गजाला धरलं, एवढं मला आठवतं. मग तिनं मंजिष्ठेचं विचारलं, मी उकळी फुटू न देण्याचं दोनदा सांगितलं. धाकटी कशी आहे विचारलं. ती कराटेच्या क्लासला जाते, म्हणाली. आईनं हाक मारली तसं थोरली म्हणाली, "ठेवते हं आबा," आणि ठेवला.

ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की सूत सावलीत वाळवायचं असतं हे सांगायचं राहिलं. उन्हात टाकलं तर रंग फिका पडतो आणि प्रदर्शनात पोरीची फजिती व्हायची. मी परत फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावायला बरं वाटेना. मला टाईप करता येत नाही, म्हणून बटण दाबून धरून बोललो, की बेटा, लड्या सावलीत वाळव, वारा लागेल अशा ठिकाणी, आणि पिळू नकोस, नुसत्या झटक. आवाज घोगरा आला म्हणून तो खोडून मी पुन्हा एकदा नीट बोललो आणि पाठवला.

त्या संध्याकाळी बायकोच्या फोनवर मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, आठवण ठेवून फोन तर केला. मग विचारलं, जेवनात का. मी नाही म्हणालो. ती डाळीत लसूण कधी टाकायचा ते मला सांगत राहिली, नात रडेपर्यंत.

थोरलीला पाठवलेल्या निरोपावर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन निळ्या खुणा आल्या.